ग्रीक उपसर्गांची यादी पाठ करण्याआधी: नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. वैद्यकीय शब्दांच्या तासाला ग्रीक उपसर्गांची दीड पानाची यादी दिली आहे. रात्री पाठ होते आणि सकाळी हायपर-हायपोची अदलाबदल झालेली असते. परवाच्या चाचणीत हायपोकॉन्ड्रियमचा अर्थ 'काहीतरी कमी असणे' असा लिहिला, तो चुकला. यादीत तर हायपो म्हणजे कमी असंच आहे. मग चुकलं कुठे? आणि हे सगळं लक्षात ठेवायची काही पद्धत आहे का?"

यादीत होतं तेच तू लिहिलंस, तेव्हा चूक आधी यादीची आहे. हायपो या ग्रीक उपसर्गाचा मूळ अर्थ 'खाली'. 'कमी' हा त्यातून पुढे निघालेला अर्थ. विहिरीचं पाणी खाली गेलं की आपण पाणी कमी झालं म्हणतो, तसंच. हायपोग्लायसेमियात रक्तातली साखर खाली जाते, म्हणून तिथे 'कमी' चालून जातं. पण हायपोडर्मिक सुई कातडी कमी करत नाही, ती कातडीखाली जाते. हायपोग्लॉसल नर्व्ह जिभेखालून जाते. आता तुझा शब्द बघ. कॉन्ड्रॉस म्हणजे कूर्चा, बरगड्यांच्या टोकांना असते ती. तिच्या खाली येणारा पोटाचा वरचा भाग म्हणजे हायपोकॉन्ड्रियम. उजवीकडच्या हायपोकॉन्ड्रियममध्ये यकृत, डावीकडच्यात प्लीहा. पेशंट "बाई, उजव्या बरगडीखाली दुखतंय" म्हणतो तेव्हा हाच शब्द तो मराठीत सांगत असतो.

मी आधी वॉर्डात आणि नंतर पाठ्यनिर्देशिका म्हणून नोकरी केली. मराठी माध्यमातून आलेल्या मुली या यादीपुढे हात टेकतात हे मी दर वर्षी पाहिलं, आणि दर वर्षी वाईट वाटलं, कारण खरं तर या यादीपुढे त्यांचं पारडं जड असतं. यादीतले बरेच उपसर्ग त्यांच्या घरात वेगळ्या नावानं वावरत असतात. ते कुणी दाखवून देत नाही एवढंच.

हायपर आणि हायपोपासूनच सुरुवात करू. संस्कृतात 'उपरि' म्हणजे वर. आपला मराठी 'वर', म्हणजे टेबलावर, डोक्यावर मधला, याच 'उपरि'चा झिजलेला अवतार. ग्रीक हायपर हा या 'उपरि'चा सख्खा चुलतभाऊ. आणि ग्रीक हायपो हा आपल्या 'उप'चा. उपसरपंच म्हणजे सरपंचाच्या हाताखालचा. तुझ्या गावात उपसरपंच आहेच ना? मग हायपो तुझ्या गावचाच झाला. आता अदलाबदल होऊ नये म्हणून एक खूण सांगते, माझ्या बहुतेक मुलींना ती पुरली. हायपरमध्ये 'र' आहे, उपरिमध्ये 'र' आहे, 'वर'मध्येही 'र' आहे. हायपोत 'र' नाही, उपमध्येही नाही. 'र' ऐकू आला की वर.

पण 'उ'चा 'हाय' कसा झाला, असं तू विचारशील, आणि विचारायलाच हवं. ग्रीक भाषेची सवय अशी की शब्दाच्या आरंभी तो 'उ' आला की त्याच्या आधी 'ह'चा श्वास लागायचा. म्हणून आपलं उदक तिकडे हायड्रो झालं. हायड्रोसेफॅलस म्हणजे डोक्यात पाणी साठणं. त्यातला हायड्रो म्हणजे देवघरात पळीतून सोडतो ते उदक. दुसरी सवय याहून मोठी आहे: शब्दाच्या आरंभी, पुढे स्वर असलेला मूळचा 'स' ग्रीकमध्ये 'ह' झाला. सप्तचं हेप्टा, समचं होमो, स्वप्नचं हिप्नॉस. झोपेच्या औषधांना हिप्नॉटिक म्हणतात, तो शब्द स्वप्नाचा भाऊबंद. घाम फार येतो त्या विकाराला हायपरहायड्रोसिस म्हणतात आणि पोरी त्यात पाणी शोधतात. पण इंग्रजीत लिहिताना त्यातल्या 'हायड्रो'त आय आहे, वाय नाही. तो हायड्रो वेगळा, तो आपला स्वेद. 'स'चा 'ह' होणं तुला नवीन वाटायचं कारण नाही. मराठीत सप्ताह आहे आणि हप्ताही आहे. सप्ताह संस्कृतातून आला, हप्ता फारसीतून, आणि फारसीच्या कुळातही 'स'चा 'ह' झाला होता. विठ्ठलमंदिरात सप्ताह बसतो आणि बचत गटाचा हप्ता भरतो, दोन्ही मुळात सातच दिवस.

इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण यावर वर्गात हमखास गोंधळ होतो. ग्रीक संस्कृतातून निघालेली नाही आणि संस्कृत ग्रीकमधून निघालेली नाही. दोघी बहिणी आहेत, आई एकच, आणि ती आई लिखाणात कुठेही उरलेली नाही. सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याला न्यायाधीश होते. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात त्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिघी एका मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं, आणि पुढे त्यावर एक आख्खं शास्त्र उभं राहिलं. तेव्हा "सगळं आपल्याकडूनच गेलं" असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नकोस. बहिणींचे चेहरे मिळतात तेवढ्यापुरतं आपण हे नातं वापरायचं. आणि आवाज सारखा म्हणून अर्थ सारखा असंही दरवेळी नसतं, ते पुढे सांगतेच.

सगळ्यात सारखा चेहरा 'अ'चा. अशक्त, अपुरा, अडाणी यांतला नकाराचा 'अ'. आणि पुढे स्वर आला की तोच 'अन्' होतो: अनंत, अनादी, अनुपस्थित. ग्रीकमध्ये अगदी हाच नियम आहे, व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्'. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं, कारण प्निया व्यंजनानं सुरू होतो. ॲन्युरिया म्हणजे लघवी जवळजवळ न होणं, कारण यूरिया स्वरानं सुरू होतो. मग ॲनिमिया? रक्ताला ग्रीकमध्ये हायमा म्हणतात, हिमोग्लोबिनमधला हिमो तोच. 'ह' तर व्यंजन, मग 'अन्' कसा आला? कारण ग्रीक लिपीत 'ह' हे अक्षर धरतच नसत, ती स्वरावरची श्वासाची एक खूण असायची. म्हणून शब्द जुळताना 'अन्' लागला आणि 'ह' गळून पडला. हे एकदा कळलं की ॲनिमियाच्या पोटात हिमोग्लोबिन दिसायला लागतं.

'अ' म्हणजे दरवेळी शून्य असं मात्र धरू नकोस. ॲनिमियाचा शब्दशः अर्थ 'रक्त नसणे', पण रक्त नसेल तर पेशंट समोर बसेल कसा? गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की आपण ॲनिमिया लिहितो. अशक्त माणसातही थोडी शक्ती असतेच की. ॲन्युरियाचंही तेच: मोठ्या माणसाला दिवसभरात १०० मिलिलिटरहून कमी लघवी झाली तरी ॲन्युरिया म्हणतात, आणि ४००हून कमी झाली तर ऑलिग्युरिया. ऑलिगो म्हणजे थोडं. फ्लुइड चार्ट भरताना हे दोन आकडे डोक्यात असले की उपसर्ग आपोआप राहतात.

'अन्'चा एक फसवा भाऊ आहे, 'ॲना'. ॲनाटॉमी या शब्दात नकार नाही. 'ॲना' म्हणजे वर, पुन्हा, पूर्णपणे. टॉम म्हणजे कापणं. शरीर उघडून, कापून पाहण्याची विद्या. अणूला इंग्रजीत ॲटम म्हणतात त्यात मात्र नकाराचा 'अ' आहे: कापता न येणारा. एकच टॉम, एका शब्दात ॲना लागला, दुसऱ्यात अ. ॲनाबॉलिझममध्येही नकार नाही, तिथे ॲना म्हणजे वर, बांधणी. कॅटाबॉलिझममध्ये कॅटा म्हणजे खाली, मोडणी. ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे इंजेक्शननंतर क्षणात जीवावर बेतणारी ॲलर्जी, हा शब्द शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०२ मध्ये घडवला. फायलॅक्सिस म्हणजे रक्षण. रक्षण व्हायचं तिथे उलट घात होतो, म्हणून आधी ॲना लावला. तेव्हा ॲन दिसलं की पुढचं अक्षर बघ. ॲनॅल्जेसियाची फोड ॲन-अल्जेसिया, म्हणजे वेदना नाही. ॲनेस्थेशियाची ॲन-एस्थेशिया, म्हणजे संवेदनाच नाही, आपल्या भाषेत भूल. १८४६ मध्ये बोस्टनला ईथर देऊन शस्त्रक्रिया करून दाखवली, त्याच वर्षी ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टरांनी हा शब्द सुचवला.

यानंतर जोडी 'सु' आणि 'दुस्'ची. सुगंध-दुर्गंध, सुकाळ-दुष्काळ. ग्रीकमध्ये 'यू' आणि 'डिस'. या दोघांसाठी मी फळ्यावर एकच धातू लिहायची आणि उपसर्ग बदलत जायची. धातू 'प्निया', श्वास. यूप्निया म्हणजे सुखानं चाललेला श्वास, मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २०. डिस्प्निया म्हणजे धाप, श्वास घ्यायला त्रास. ॲप्निया म्हणजे श्वास बंद. टॅकिप्निया भराभर, ब्रॅडिप्निया हळू. ऑर्थोप्निया म्हणजे आडवं झालं की दम लागतो, ताठ बसलं की बरं वाटतं. ऑर्थो म्हणजे सरळ. हृदयविकाराचा पेशंट रात्री दोन उशा मागतो तेव्हा तो ऑर्थोप्नियाच सांगत असतो. अशी एका धातूवर सहा उपसर्गांची माळ ओवली की यादी पाठ करावी लागत नाही. दुसरी माळ 'यूरिया'ची कर, लघवीची. पॉलियुरिया, ऑलिग्युरिया, ॲन्युरिया, डिस्युरिया, हिमॅट्युरिया. शेवटच्यात उपसर्ग नाही, रक्त आहे, तेही लक्षात येईल.

डिसेंटरी हा शब्द तर मला फार आवडतो. डिस म्हणजे दुस्, आणि एंटरा म्हणजे आतडी, आपलं आंत्र. दुस्-आंत्र. आमांशाला आपल्या वैद्यांनी वेगळं नाव दिलं, पण हा ग्रीक शब्द एखाद्या वैद्यबुवांनी घडवावा तसा आहे.

आता सावधान. डिसइन्फेक्ट, डिसलोकेशन, डिसएबिलिटी यांतला डिस हा 'दुस्' नाही. तो लॅटिन, अर्थ 'दूर, वेगळं, काढून टाकणं'. कानाला दोन्ही सारखे, फरक इंग्रजी लिखाणात दिसतो: ग्रीक डिसमध्ये वाय, लॅटिन डिसमध्ये आय. आणि ही खूण फक्त इथल्यापुरती नाही. हायपर, हायपो, डिस, सिन, पॉली, टॅकी, ब्रॅडी, हायड्रो, सगळ्यांत वाय आहे. ग्रीक अक्षर उप्सिलॉन रोमन लिपीत वायनं लिहितात. वैद्यकीय शब्दाच्या पोटात वाय दिसला की बहुतेक वेळा समोर ग्रीक आहे असं समज. तसंच 'फ'साठी पीएच, 'क'साठी सीएच, आणि सुरुवातीला न उच्चारला जाणारा पी, न्यूमोनियातला. या चार खुणांवर निम्मं शुद्धलेखन सुधारतं. मराठी माध्यमाच्या मुलींचे गुण अर्थापेक्षा स्पेलिंगला जास्त जातात, हे मी हजारो पेपर तपासून सांगते.

ग्रीक आणि लॅटिन अशी दोन घराणी का, हे थोडक्यात. रोमी साम्राज्यातले नावाजलेले वैद्य पुष्कळदा ग्रीक असत. गॅलेन स्वतः पर्गमॉनचा, रोममध्ये वैद्यकी करणारा, आणि लिहायचा ग्रीकमध्ये. पुढे युरोपात शिक्षणाची भाषा लॅटिन झाली. म्हणून साधारणपणे अवयवांची नावं लॅटिन आणि आजारांची ग्रीक अशी वाटणी पडली. मूत्रपिंडाची धमनी 'रीनल', पण त्याची सूज 'नेफ्रायटिस'. कातडीखाली द्यायच्या इंजेक्शनला लॅटिननं सबक्युटेनियस म्हणतात, ग्रीकनं हायपोडर्मिक. सब आणि हायपो एकाच उपच्या कुळातले. जिभेखाली ठेवायची गोळी सबलिंग्वल, जिभेखालची नर्व्ह हायपोग्लॉसल. कुठे दोन घराण्यांचं लग्नही लागलेलं असतं: पेरिनेटल, म्हणजे जन्माच्या आसपासचं, यात पेरि ग्रीक, नेटल लॅटिन.

याच दोन घराण्यांमुळे एक चूक होते, जिला मी कधीच हसले नाही. अँटे आणि अँटी. अँटे लॅटिन, अर्थ 'आधी, पुढे'. अँटी ग्रीक, अर्थ 'विरुद्ध'. अँटीबायोटिकला आपण प्रतिजैविक म्हणतो, ते बरोबर. पण एएनसी म्हणजे अँटेनेटल केअर, जन्माआधीची काळजी. ई ऐवजी आय लिहून अँटीनेटल केलंस की 'जन्माविरुद्धची काळजी' होते. गरोदर बाईच्या कार्डावर हे वाचलं की माझ्या अंगावर काटा यायचा. उच्चारात दोन्ही 'अँटी' होतात, म्हणून मी मुलींना मुद्दाम 'अँटे' म्हणायला लावायची, जरा कानाला खटकलं तरी. अँटीरियर म्हणजे पुढचा भाग, तोही अँटेचाच. तिथेही स्पेलिंगमध्ये ई आहे हे बघ आणि तेवढं डोक्यात ठेव.

पेरि आणि पॅरा. पेरि म्हणजे आपला 'परि', भोवती: परिसर, परिक्रमा. पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण, आणि कार्डिया हा आपल्या 'हृद्'चाच भाऊ. पेरिटोनियममध्ये, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाच्या नावात, तर परि आणि तन् आहे, भोवती ताणलेलं. पॅरा म्हणजे बाजूला, शेजारी. थायरॉइडला चिकटून असलेल्या छोट्या ग्रंथी पॅराथायरॉइड, बहुतेकांना चार असतात. (पॅरासिटामॉलमधला पॅरा रसायनशास्त्रातला आहे, रेणूच्या कड्यावरची जागा सांगणारा, पॅरा-ॲसिटिलअमिनोफिनॉल या नावातून तो शब्द काढला.) खरा घोळ 'पेरिनियल' आणि 'पेरोनियल'चा. पेरिनियल केअर, म्हणजे दोन मांड्यांमधल्या जागेची स्वच्छता, तू रोज करशील, बाळंतिणीची तर करशीलच. पेरोनियल नर्व्ह मात्र पायात असते, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, आणि त्या शब्दात पेरि हा उपसर्गच नाही. पेरोने म्हणजे ग्रीकमध्ये कपड्याला लावायची टाचणी. पायातल्या त्या बारीक हाडाचं लॅटिन नाव फिब्युला, त्याचाही अर्थ टाचणीच. पायाचं प्लास्टर फार घट्ट झालं की हीच नर्व्ह दाबली जाऊन पाऊल लोंबकळतं. एका स्वराच्या फरकानं कुठल्या कुठे जातो बघ.

हेमि आणि हिमो हेही तसेच. हेमि म्हणजे अर्धं. संस्कृतात 'सामि' आहे, अर्धा या अर्थी, पण तो मराठीत उतरला नाही, म्हणून त्याची मदत होत नाही. मदत होते ती अर्धशिशीची. गॅलेननं अर्धं डोकं दुखण्याला हेमिक्रेनिया म्हटलं, हेमि म्हणजे अर्धं, क्रेनियॉन म्हणजे कवटी. तो शब्द फ्रेंच लोकांच्या तोंडी झिजत मायग्रेन झाला. तुझी आजी अर्धशिशी म्हणते आणि डॉक्टर मायग्रेन म्हणतात, दोघं अक्षरशः एकच बोलतात. हेमिप्लेजिया म्हणजे अर्ध्या अंगावरून वारं जाणं. आता एक्स-रेच्या रिपोर्टवर हेमिथोरॅक्स म्हणजे छातीची एक बाजू, आणि हिमोथोरॅक्स म्हणजे छातीच्या पोकळीत रक्त. पहिला नुसती जागा सांगतो, दुसऱ्यात पेशंटला नळी टाकायची तयारी करावी लागते.

एपि, एन, पॅन हे तिन्ही फारसे शिकवावे लागत नाहीत, करोनानंच ते सगळ्यांना शिकवले. डेमॉस म्हणजे लोक. एपिडेमिक लोकांवर येतं, एन्डेमिक लोकांत मुक्कामी असतं, पॅन्डेमिक सगळ्या लोकांना घेरतं. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला पॅन्डेमिक म्हटलं तो दिवस आठवत असेल, तू शाळेत असशील. गडचिरोलीत हिवताप एन्डेमिक आहे असं म्हणतात तेव्हा तो साथीसारखा येऊन जात नाही, तिथे राहतो.

सिनबद्दल फार बोलत नाही. तो 'सम्'सारखं काम करतो, सोबत, एकत्र. सम् जसा पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, संतोष, सम्मान, तसा सिनसुद्धा: सिन्ड्रोम, पण सिम्प्टम, सिम्फिसिस, आणि 'स'पुढे 'न' गळतो, सिस्टोल, म्हणजे हृदयाचं आकुंचन. संधी शिकलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही. हृदय सैल पडतं त्या डायस्टोलमधला डाया मात्र 'दोन'चा डाय नाही. डाया म्हणजे आरपार, मधून, अलग. डायरियात आरपार वाहणं आहे. त्यातला 'वाहणं' हा भाग आपल्या 'स्रव'चा भाऊ, मूळचा 'स्र' ग्रीकमध्ये शब्दाच्या मध्ये आला की 'र्र' झाला. डायरियाच्या स्पेलिंगमध्ये दोन आर का, यावर मुली रडकुंडीला येतात. त्यातला एक आर हा हरवलेला 'स' आहे.

टॅकी आणि ब्रॅडी यांना घरात भाऊ नाही. ते नाडीवर बोट ठेवून शिकायचे: शंभराच्या वर टॅकीकार्डिया, साठाच्या खाली ब्रॅडिकार्डिया. पॉली मधुमेहाच्या पेशंटकडून शिकायचा. लघवी फार, तहान फार, भूक फार: पॉलियुरिया, पॉलिडिप्सिया, पॉलिफेजिया.

आता हायपर-हायपोकडे परत येते, कारण त्यात गुणांपेक्षा मोठं काही आहे. फार वर्षांपूर्वी मी रात्रपाळीला होते. वॉर्डातून फोनवर सांगितलं गेलं "पेशंट हायपोग्लायसेमियात आहे", पलीकडे ऐकलं गेलं हायपर. इन्सुलिन द्या असा निरोप आला आणि एका नव्या मुलीनं सिरिंज हातात घेतलीही. शेजारच्या वयस्क सिस्टरनं फक्त एवढं विचारलं, "आकडा किती?" आकडा होता ४८. सिरिंज खाली ठेवली गेली, ग्लुकोज दिलं, पेशंट सकाळी चहा प्यायला. त्यानंतर मी माझ्या वर्गात एक शिस्त लावली. हे दोन शब्द फोनवर एकटे उच्चारायचे नाहीत. "हायपोग्लायसेमिया, शुगर कमी, ४८" असं तिन्ही सांगायचं आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचं. ७०च्या खाली गेलं की हायपो. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडानं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. सोडियम-पोटॅशियमचंही तसंच. हायपोकॅलेमिया, म्हणजे पोटॅशियम कमी, एवढंच न म्हणता आकडा सांगायचा, पोटॅशियम ३.५ ते ५ च्या बाहेर कुठल्या बाजूला गेलं यावर काय द्यायचं ते पूर्ण उलटं होतं. लिहितानाही आर आणि ओ सुटे आणि ठळक काढ. घाईच्या अक्षरात हेच शेवटचं अक्षर मोडतं.

तेव्हा त्या दीड पानाचं असं कर. यादी वर्णक्रमानं वाचू नकोस. वहीचे तीन भाग कर. पहिल्यात ज्यांचा मराठी-संस्कृत भाऊ सापडला ते. दुसऱ्यात एकमेकांशी घोळ होणारे, जोडीजोडीनं आणि इंग्रजी स्पेलिंगसकट. तिसऱ्यात भाऊ नसलेले. त्यांच्यापुढे अर्थ लिहायचा नाही, पोस्टिंगमध्ये पाहिलेल्या पेशंटची खूण लिहायची, नाव न लिहिता. "खाट ७, दोन उशा" असं ऑर्थोप्नियापुढे लिहिलेलं माझ्या एका विद्यार्थिनीनं वीस वर्षांनी मला तोंडपाठ सांगितलं.

आणि पहिल्या भागात सगळ्यात वर एक शब्द लिही, जो बघून पहिल्या दिवशी मुलींना घाम फुटतो: हेपॅटोस्प्लिनोमेगॅली. हेपार हे यकृत्, शब्दाच्या अर्थीही आणि कुळाच्या नात्यानंही. स्प्लेन ही प्लीहा, तसंच. मेगा हा आपला महा. यकृत आणि प्लीहा मोठ्या होणं. माझी सुरुवातीची वर्षं पूर्व विदर्भात गेली, वारंवार हिवताप झालेली लहान मुलं पोट पुढे आलेली अशी यायची. डॉक्टर त्यांना उताणं झोपवायचे, गुडघे मुडपायला सांगायचे आणि दोन्ही हायपोकॉन्ड्रियममध्ये बोटं रुतवून बघायचे, आधी उजवीकडे बरगडीखाली, मग डावीकडे.